लांडग्याच्या नावावर सात

मेंढरू मेलं की माधवी आधी त्याची मान बघायची आणि मग रडायची. हा क्रम तिला सासऱ्यानं घालून दिला होता. "रडायला दिस पडलाय," म्हातारा म्हणायचा, "मान मातूर ऊन चडायच्या आत बगावी."

त्या दिवशी ऊन चढायला उशीर होता. पौषातलं धुकं नीमलाच्या ढाणीवर, त्या रानातल्या वस्तीवर, असं बसलं होतं, की जमीनमालक पवनजींच्या दगड कापायच्या शेडचा पत्रा तेवढा वर तरंगत होता. वाघर एका बाजूला जमिनीवर लोळत होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती बांधायचं जाळं. ते फाटलेलं नव्हतं, दाबून आडवं केलेलं होतं. आत सात मेंढरं मेली होती.

माधवीनं सातांच्या माना बघितल्या. एकाही नरड्याला भोक नव्हतं. मागच्या मांड्या ओरबाडलेल्या, दोघींच्या शेपट्या गेलेल्या, एका पाठीचं कातडं मेल्यावरही थरथरतंय असं वाटावं इतकं लोंबलेलं. कुणी कापसाची गादी फोडावी तशी लोकर वाडाभर उडाली होती. आणि साती जिथल्या तिथं. नेलेलं एकही नाही.

लांडगा पोटासाठी येतो. एक हेरतो, नरडं धरतो, ओढत नेतो. मालकाला पत्ता लागेस्तोवर हाडं उरत नाहीत. इथं झालं ते करमणुकीचं काम होतं. करमणूक सुचते ती कुत्र्याला, कारण त्याची भाकरी दुसऱ्याच्या चुलीवर भाजलेली असते.

ती तशीच शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेली. पवनजींची आई, कस्तुरीमाँ, गोणपाट ओलं करून आपल्या चार कुत्र्यांतल्या सगळ्यात थोरल्याचं तोंड पुसत होती.

"राम राम माँ. एवढ्या गारठ्यात?"

"थंडी लागते गं त्याला," म्हातारी म्हणाली आणि कुत्र्याचं तोंड पदराखाली घेतलं.

थंडी लागणाऱ्याला ओल्या गोणपाटानं का पुसतात, हे माधवीनं विचारलं नाही. पंधरा वर्षं परमुलखात काढलेली बाई निम्मे प्रश्न गिळूनच जगते.

पंधरा वर्षांपूर्वी माण तालुक्यातून श्रीपाद साहेबांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, विष्णूला, जयपुराकडं आणलं होतं. साहेब सरकारी मेंढी-प्रकल्पाचे अधिकारी. त्यांना आपल्याकडचा खात्रीचा धनगर हवा होता. मग साहेबांची बदली झाली, प्रकल्प गुंडाळला गेला, आणि विष्णू मागं राहिला, कारण तोवर त्याची स्वतःची वीस मेंढरं झाली होती. आता ऐंशी होती. आज त्र्याहत्तर. वाडा पवनजींच्या पडीक रानात, पाणी पवनजींच्या बोअरचं. बदल्यात लेंडीखत पवनजींच्या मोहरीला. व्यवहार तोंडी होता, म्हणजे पवनजींच्या तोंडी. माधवीची हिंदीही झाली होती. म्हणजे मराठीच, शेवटी 'है' लावलेली. ढाणीत तिला सगळे 'मराठण' म्हणत. कोणी प्रेमानं म्हणे, कोणी नाही, आणि कोण कसं म्हणतो हे तिला नेमकं ठाऊक होतं.

विष्णू त्या पहाटे विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडं गेला होता. तिथल्या एका डाळ मिलमधून मेंढरांच्या चाऱ्यात घालायला चुनीची पोती आणायची होती. तो परतायच्या आत पवनजी जंगलखात्याच्या गार्डाला घेऊन हजर झाले.

"अरे अरे अरे," पवनजी म्हणाले. "भाभीजी, काय हे! लांडग्यानं पार घात केला."

गार्डानं कागद काढला. तो गरीब माणूस होता. कानटोपीखालून नाक पुसत होता आणि लवकर चहाला जायची वाट बघत होता. "कुणी केलं, बाईजी?"

"सांगा ना साहेबांना," पवनजी म्हणाले. "लांडगाच ना?"

बोलताना त्यांचा हात बोअरच्या पाइपच्या चाकावर होता. मुद्दाम ठेवला होता असं नव्हे, पण होता. पाणी हौदात पडत होतं, आणि वाचलेली मेंढरं त्यावर तुटून पडली होती. माधवीनं हात बघितला, पाणी बघितलं, पवनजींच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या कस्तुरीमाँकडंही बघितलं. कुत्र्यांचं नाव घ्यावं तर चार घरांची तोंडं वाकडी होणार. लांडग्याला ढाणीत सोयरा नव्हता की व्याही नव्हता. त्याच्या नावावर घातलं तर कुणाच्या घरचा चहा बंद होत नाही.

"व्हय," ती म्हणाली. "लांडगाच है."

गार्डानं सात लिहिलं. माधवीनं खाली सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली सही, तिच्यातल्या 'ध'ला अजून पोट नीट यायचं नाही.

विष्णू दुपारी आला. पोती टाकली, माना बघितल्या, हात धुतले. काठी होती तिथंच भिंतीला टेकलेली ठेवली.  

त्यांच्या घराण्यात लांडगा भावकीतला. कुठल्याशा पिढीत थोरला भाऊ रुसून रानात गेला तो लांडगाच झाला, असं सांगत. म्हणून त्यानं एखादं कोकरू नेलं तर शिव्या घालायच्या, दगड मारायचा, पण काठीवर खाच पाडायची: थोरल्याचा वाटा गेला. खोटी खाच पाडायची नाही. भावकीत जमिनीवरून डोकी फुटतात, पण न खाल्लेल्या घासाचा आळ कुणी कुणावर घेत नाही. विष्णूच्या काठीवर जयपूरच्या पंधरा वर्षांत चार खाचा होत्या.

संध्याकाळी माधवीनंच विषय काढला. "काठी न्हाई काडली?"

"कशाला?"

"कागदावर सात हायती."

"कागूद गार्डाचा हाय," विष्णू म्हणाला. "काठी आपली हाय."

पुढचे दोन दिवस कामात गेले. सातांची कातडी सोलली, मीठ लावून शेडमागच्या भिंतीवर वाळत टाकली. मांस पुरलं, खड्डा खणताना खालची कडक मुरुमाड लागली आणि माधवीच्या तळहाताचे फोड फुटले. चावलेली नऊ मेंढरं जिवंत होती. त्यांना आडवं पाडायचं, विष्णूनं गुडघ्याखाली दाबायचं, माधवीनं जखमेत हळद-तेल भरायचं, टाके घालायचे. थंडीनं बोटं अशी वळली होती की सुईत दोरा ओवायला दातांची मदत लागे. गाभण मेंढ्यांतल्या दोघींनी भेदरून वेळेआधीच कोकरं टाकली. त्यांची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

तिसऱ्या दिवशी गंधार आला. हा जयपूरच्या बनी पार्कातल्या एका मराठी बँक अधिकाऱ्याचा मुलगा. लांडग्यांचा अभ्यास करायचा, जीपमधून हिंडायचा आणि माधवी दिसली की मराठी बोलायची हौस भागवून घ्यायचा.

"काकू, एक विचारू? मतलब, राग नको." तो दगडावर बसला. "सात एका वेळेला? लांडगा असं करत नाही सहसा."

"तुमी साळा शिकलेली माणसं. तुमालाच ठाव."

"नाही, तुम्हालाच माहीत. म्हणून विचारतोय. डोंगराखालच्या नाळेत, त्या कोरड्या घळीत, मादी आहे. पाच पिल्लं आहेत. अजून नीट चालत पण नाहीत." तो खालच्या आवाजात बोलत होता, पण खालच्या आवाजानंच ढाणीचे कान उभे राहतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "आणि रविवारी हे लोक तिथं जाणार आहेत. मिरचीचा धूर करणार, मतलब, आत कोंडणार आणि तोंडावर दगड लावणार."

"आसं करता येतं व्हय? कायदा हाय न्हवं?"

"आहे. कडक आहे. पण मी गार्डसाबना म्हटलं, तर ते म्हणतात, कागदावर सात आहेत, लोक चिडलेत, मी एकटा चाळीस माणसांना काय सांगू? कागद बदलला तर मी आडवा उभा राहीन म्हणतात." त्यानं तिच्याकडं बघितलं. "कागद तुमचा आहे, काकू."

माधवीनं मेंढीच्या जखमेवर हळद दाबली. मेंढी ओरडली. "लांडगाच हुता," ती म्हणाली. दुसऱ्यांदा बोललेलं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं म्हणतात. तिला नाही गेलं.

गंधार गेला. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यानं तो बसल्याचं दाखवलंही नाही, म्हणून तिला तो अधिकच टोचला.

पण तिचा खरा संशय तोवर दुसरीकडंच वळला होता. विष्णू रोज भल्या सकाळी उठून जात होता. मेंढरं न घेता. विचारलं की म्हणायचा, "जरा फिरून येतो." जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या माणसाला आणखी फिरायची हौस कुठून आली? शुक्रवारी तो परतला तेव्हा त्याच्या डोक्याला पटका नव्हता. तांबडा, बापाच्या हातचा, घामानं काळवंडलेला पटका. झोपतानाही तो उशाशी घेई.

"पटका कुटाय?"

"ऱ्हायला कुटंतरी."

"कुटंतरी म्हंजी?"

"म्हंजी कुटंतरी. घाल च्या."

चहा घालता घालता तिनं जुळवाजुळव केली. ढाणीतल्या लोकांना लांडग्याची नाळ ठाऊक होती, पण नाळेत भोकं पन्नास. नेमकं बीळ काढणारा माणूस या भागात एकच होता, आणि तो आता उघड्या डोक्यानं तिच्यासमोर बसून बशीत फुंकर मारत होता. पवनजी दोनदा त्याच्या खांद्यावर हात टाकून शेडमागं घेऊन गेले होते. काय बोलले? पंधरा वर्षांत पवनजींनी विष्णूच्या खांद्यावर हात टाकला नव्हता. पवनजी हात फुकट टाकणारे नव्हते.

शनिवारी ती मेंढरं घेऊन मुद्दाम डोंगराच्या अंगाला गेली. खाली नाळ दिसत होती; कैराची झुडपं, पांढरी रेती. आणि एका झुडपाच्या बुडाशी तांबडं काहीतरी. नजर जाईल अशा जागी.

संध्याकाळी पाण्यावर पवनजी खुशीत होते. "भाभीजी, विष्णूभैया कामाचा माणूस. नाही नाही म्हणत होता, पण निशाणी लावून आला बघा. लाल. मी सकाळीच पाहिलं. आता उद्या शोधायची कटकट नाही."

म्हणजे खरंच होतं. तिनं हंडा भरला, डोक्यावर घेतला, आणि घरापर्यंत पाणी हिंदकळत तिच्या मानेवरून पाठीत उतरत राहिलं. ज्या माणसानं खोटी खाच पाडली नाही त्यानं खरं बीळ दाखवलं. तिनं एका शब्दासाठी स्वतःला चार दिवस खाल्लं होतं, आणि हा बाप्या पटका बांधून मोकळा! जेवताना तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली ती आदळून. त्यानं वर बघितलं, भाकरी मोडली, खाल्ली.

रविवारी सकाळी शेडपुढं माणसं जमली. चाळीस म्हणता म्हणता पंचवीसच आली होती. पण पंचवीस माणसांकडं कुदळी असल्या की ती चाळीसच दिसतात. दोन पोती लाल मिरची, गवऱ्या, पत्र्याचे डबे. गार्ड एका बाजूला उभा राहून स्वतःच्या बुटांकडं बघत होता. गंधार त्याच्याशी काहीतरी बोलत होता आणि गार्ड मान हलवत होता. विष्णू सगळ्यांच्या मागं, उघड्या डोक्यानं.

माधवी भिंतीकडून आली. तिच्या दोन्ही खांद्यांवर कातडी होती, मिठानं ताठ झालेली. ती तिनं लोकांच्या मधोमध एकेक करून अंथरली, सात. गळ्याची बाजू वर.

"हे काय, भाभीजी?" पवनजी म्हणाले. "आत्ता विकायला काढलीत?"

"बगायला काडलीत. ज्याला ह्यो लांडगा वाटतो त्यानं नरड्यावरलं भोक दाखवावं."

कुणी पुढं आलं नाही. मग ढाणीतला सगळ्यात म्हातारा गुजर, ज्यानं पवनजींच्या बापालाही चड्डीत बघितलं होतं, काठी टेकत आला. खाली बसला. कातडं बोटांनी चाचपलं, पहिलं, दुसरं, सातवंसुद्धा. "माना शाबूत आहेत," तो म्हणाला आणि उठायला हात मागू लागला.

"मग कागदावर सही कुणाची?" पवनजींचा आवाज गोड होता. "सरकारी कागद आहे, भाभीजी. खोटी सही म्हणजे काय होतं माहीत आहे?"

"म्हाईत न्हाई. व्हईल ती व्हईल. सही माजी हाय आन् खोटी हाय. मेंढरं कुत्र्यांनी फाडली."

"कुत्री तर गावभर आहेत. कुणाची कुत्री?"

इथवर यायचं तिनं ठरवलं होतं; इथून पुढचं नव्हतं ठरवलं. हौदावर मेंढरांचा कालवा चालला होता. बोअरचं चाक बंद होतं.

"तुमची, पवनजी."

मिरचीच्या पोत्याशेजारचा माणूस शिंकला. आणि तेवढ्यात ओट्यावरून कस्तुरीमाँ जोरात म्हणाली, "मी तोंड पुसलं ते थंडीमुळं! रक्तबिक्त काही नव्हतं!"

तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिला हसला तो म्हातारा गुजर. मग हसू पसरलं, आधी मिशीत, मग उघड. पवनजी तेवढे हसले नाहीत. गार्डानं बुटांवरची नजर काढली. "नवा जबाब घ्यावा लागेल," तो जरा मोठ्यानं म्हणाला, आपलाच आवाज ऐकून धीर आल्यासारखा. "आणि नाळेकडं कोणी जाणार नाही. गेला तर नाव लिहीन." माणसं कुदळी खांद्यावर टाकून पांगली. एकानं आपली अर्धा पोतं मिरची परत मागितली. कुणाची किती, यावर दोघांचं तिथंच जुंपलं.

पवनजी जाता जाता थांबले. रागावले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. "भाभीजी, दोन दिवसांत वाडा मोकळा करा. तिथं मला दगड उतरवायचे आहेत. आणि हौद साफ करायचा आहे. पाणी आजपासून बंद."

लेकीला, अनुयाला, फोनवर सांगितलं तेव्हा ती सीतापुऱ्याच्या हॉस्टेलात जेवत होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष. "आई, तू मतलब सगळ्यांसमोर बोललीस? सच में?" मग थोडं थांबून, "पण मग शनिवारी मी येऊ कुठे?"

"सांगू," माधवी म्हणाली. "टेकलाव की सांगू."

त्याच संध्याकाळी वाघर गुंडाळताना नवरा-बायको दोन टोकांना होते. जाळं ओलं होतं, जड होतं. दोघांनी एका वेळी ओढल्याशिवाय वळत नव्हतं. ती ओढत होती, तो ओढत होता.

"आता ती निशाणी काडून आणा," ती म्हणाली. "पवनजींचं काम तर फुकट गेलं."

"कसली निशाणी?"

"पटका! माला काय आंदळी समजता? बीळ दावायला बांदला न्हवं?"

विष्णूनं जाळ्याचं टोक खाली ठेवलं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तसं तोंड कडू झालं. "बीळ दावायला? आगं, बिळाच्या तोंडाला माणसाचा घाम ठेवला की मादी पिल्लं हालीवती. आबानं सांगितल्यालं. मंगळवारपासनं जातोय. आदी चप्पल ठेवून बगितली, हालली न्हाई. मग पटका ठेवला. काल सकाळी बीळ रिकामं. एकेक तोंडात धरून नेलीत तिनं, दोन ओढं पल्याड. माग बगितला मी."

माधवी वाघरीवरच बसली. "म्हंजी आज ही समदी गेली आसती तर..."

"रिकाम्या भोकात धूर केला आसता आन् खोकत घरला आली आसती."

"आन् पाणी बी चालू ऱ्हायलं आसतं."

"व्हय."

"मग माला सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंस कुटं?" विष्णू म्हणाला. "चार दिस नुसती हुंगत हुतीस."

 मेंढरं तहानेनं एकमेकांच्या लोकरीवरचं दव चाटत होती. मग तिनं मान वर केली. "आन् फुडल्या रविवारी? कागदावर सात तशीच ऱ्हायली आसती. दोन ओढं काय लांब हायती?"

विष्णूनं यावर विचार केला. वाघरीचं टोक पुन्हा उचललं. "ती बी हाय," तो म्हणाला. "वड."

निघाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं मेंढरं घेऊन पश्चिमेला बरीच लांब आली होती. पायांची सालटं निघाली होती, दोन मेंढ्या लंगडत होत्या, आणि वाटेतल्या दोन विहिरींनी नाही म्हटलं होतं. तिसऱ्या ढाणीत खेजडीच्या झाडाखाली एक पागोटेवाला म्हातारा बाजेवर बसला होता. मागं भरलेला हौद, त्यापलीकडं मोकळं रान, बाजेखाली दोन दांडगी कुत्री.

"कुठून?"

विष्णूनं नीमला सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहराच बदलला.

"अरे, तिथंच ना लांडग्यांनी एका रात्रीत सतरा मारली? ऐकलं आम्ही. फार वाईट." तो बाजेवरून उठला. "लांडग्यानं उठवलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पाणी पाजा. रान पडलंय, वाडा घाला. तुमचीच होती का ती सतरा, बाईसा?"

पाण्याचा वास लागून मेंढरं पुढं रेटत होती. विष्णू काठी आडवी धरून त्यांना थोपवत होता. त्यानं बायकोकडं बघितलं. हो म्हणायला एकच अक्षर लागणार होतं. बाजेखालच्या थोरल्या कुत्र्यानं लंगड्या मेंढीकडं मान वळवली.

माधवीनं डोक्यावरचं गाठोडं खाली उतरवलं.

"आदी कुत्री बांदा, बाबासा," ती म्हणाली. "मग सांगते."